काळीची गाळणी

पूल पडला त्याचं आम्हाला पहिले चार दिवस कौतुकच होतं. सगळं गाव काठावर उभं राहून बोटं दाखवत होतं, मधला खांब कसा आडवा झालाय, लोखंड कसं बाहेर आलंय. पाचव्या दिवशी कळलं, की बस आता येणार नाही. पूल होईपर्यंत नाही, आणि पूल कधी होणार हे विचारायला गेलं तर सांगणारा माणूस जागेवर नाही. पुलाच्या खालच्या अंगाला जुनी दगडी फरशी होती. तिच्यावरून गुडघाभर पाणी वाहायचं. चालणारा पलीकडे जाई आणि जपून नेली तर दुचाकीही जाई. ज्यांच्याकडे दुचाकी होती त्यांचं काहीच बिघडलं नाही. माझ्याकडे दोन पाय होते.

मी नदीपलीकडे मोठ्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात वेल्डर होतो. गेट, ग्रिल, ट्रॉल्या, येईल ते जोडायचं. बसने पाऊण तास लागायचा. चालत अडीच तास जायला आणि अडीच यायला. तीन आठवडे मी तेही केलं. एकदा जोड मारताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि मनगटाला चटका बसला तेव्हा जागा झालो. मालकाने ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण धंदा करायला बसला होता.

"असं नाही चालायचं," तो म्हणाला. "मला आठला माणूस उभा पाहिजे. मधेच कुठे कामाला पाठवला तर जाणारा पाहिजे. गाडीची सोय कर."

"करतो."

"कधी?"

"थंडी संपायच्या आत."

"तोवर चालवून घेतो. पुढे मात्र मला काही सांगायचं नाही."

नवी गाडी घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि जुनी घ्यायचीही नव्हती. पण गोठ्यात एक पडून होती.

ती आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. लोकांचे पंप दुरुस्त करत तीस वर्षं त्यांनी या मोटारसायकलवर गावं पालथी घातली. टाकी काळी, म्हणून घरात तिचं नावच काळी. हात थरथरायला लागले आणि कान गेले, तेव्हा त्यांनी तिला गोठ्यात लावली ती लावलीच. अकरा वर्षं झाली त्याला. वर पोती, पोत्यांवर कडबा, कडब्यावर कोंबड्या. मी पोती ओढली तेव्हा सीटमध्ये उंदरांचा अख्खा गोतावळा नांदत होता. त्यांना बाहेर काढताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आप्पांना उजव्या कानाने थोडं ऐकू येतं. मी तिथे तोंड नेऊन ओरडलो, "काळी दुरुस्त करू का?"

त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले. "तुला जमेल?"

"तुम्ही सांगा, मी करतो."

"चालू केलीस तर तुझीच," ते म्हणाले, आणि बसायला स्टूल मागितलं.

बायकोने त्याच संध्याकाळी विचारलं, "गाडीचे कागद कुठायत?"

"आप्पांच्या ट्रंकेत."

"मग घ्या की मागून."

"आधी चालू तर होऊ दे."

आमच्या घरात आप्पांनी तोंडाने दिलं की ते दिलं. त्यावर कागद मागायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. ही दुसऱ्या घरातून आलेली, तिच्याकडे सगळं लिहून ठेवतात. मला तिचं हसू यायचं.

कामाला हात घातला तेव्हा कळलं, की काळी नुसती झोपली नव्हती, आखडली होती. किकवर पाय दिला तर दगडावर दिल्यासारखा. मी जोर लावायला गेलो तर आप्पांनी काठीने माझी पोटरी ठोकली. "मोडशील. डिझेल ओत आणि वाट बघ." प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि आठ दिवस वाट बघितली. मग वरचा गियर टाकून मागचं चाक पुढे-मागे, पुढे-मागे. दोन रविवार माझी कंबर त्यात गेली. तिसऱ्या रविवारी आत काहीतरी बोटभर सरकलं. आप्पांना आवाज आला नव्हता, पण माझं तोंड बघून ते स्टुलावरून उठले.

सिलिंडरला आतून चरे पडले होते. ते घासून द्यायला लेथवाला तयार झाला, पण द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याच्या शेडचं छप्पर गळत होतं. चार रविवार मी उन्हात पत्र्यावर बसून त्याचं छप्पर जोडलं, मांड्यांना पत्रा भाजत होता, आणि त्याने मला सिलिंडर घासून दिला. पिस्टन भंगारातून निघाला. गॅस्केट वहीच्या पुठ्ठ्याचं कापलं. ही माहेरून एक रेक्झिनची बॅग घेऊन आली होती, तिच्यावर तिचा फार जीव. एके दिवशी कामावरून आलो तर बॅग उसवलेली आणि सीटला नवं कव्हर.

"अगं, तुझी बॅग!"

"कुठे जायचंय मला बॅग घेऊन? आता बसून जाईन की तिच्यावर."

टाकीच्या कामातही डोकं हिचंच चाललं. टाकीत आतून गंज धरला होता. तो काढायला आत खडे आणि रॉकेल घालून तासन्‌तास हलवावं लागतं. माझे हात दहा मिनिटांत भरून आले. हिने माळ्यावरून पाळणा काढला, आम्ही दोघे भाऊ ज्यात वाढलो तो. त्यात टाकी निजवली, तोंडाला बोळा कोंबला, आणि आप्पांच्या स्टुलाजवळ टांगला. आप्पांचे हात चालत नसले तरी पाय चालत होते. ते दिवसभर पायाने पाळणा हलवत बसले.

खडखड ऐकून शेजारची म्हातारी डोकावली. "अगोबाई! कळलंच नाही मला. काय झालं?"

"मुलगी," ही म्हणाली. "पोटात खडे झालेत तिच्या."

म्हातारी जवळ येऊन बघून गेली आणि आठवडाभर कुणाशीच बोलली नाही. आप्पा मात्र इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "दोन याच्यात वाढले," ते म्हणाले, "ही तिसरी."

पाळणा हलत होता त्याच आठवड्यात धाकटा आला. माझा भाऊ शहरात एका हॉटेलच्या ऑफिसात असतो. वर्षातून दोनदा येतो, आला की शेंडेफळाचे सगळे लाड वसूल करून जातो. त्याने काळीचे फोनवर शंभर फोटो काढले. इंजिनाचे, चाकांचे, पाळण्यातल्या टाकीचे. "दादा, हात आहे का जादू आहे तुझी!" मी मूठभर मांस चढल्यासारखा फिरत होतो. मग तो म्हणाला, की आप्पांचे डोळे एकदा तालुक्याला दाखवून आणतो, पलीकडे जीप सांगितली आहे, फक्त फरशी पार करून दे.

कामाला खाडा करून मी आप्पांना पाठीवर घेतलं. पाणी गार होतं, दगडांवर शेवाळ होतं, प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागत होतं. धाकटा पुढे बूट हातात धरून चालला होता. आप्पांचं वजन ते काय, पण हाडं खांद्यात रुतत होती. मधे आल्यावर ते माझ्या कानाशी बोलले, "तू आहेस म्हणून माझं निभतंय." पलीकडे पोचेपर्यंत मला पाणी गार लागलं नाही.

संध्याकाळी त्यांना परत तसंच आणलं. "काय म्हणाला डॉक्टर?" मी ओरडून विचारलं.

"चांगले आहेत म्हणाला," आप्पा म्हणाले, आणि पाळण्याकडे जाऊन बसले.

शेवटचं अडलं ते कार्बोरेटरवर. हवा गाळायचा डबा गंजून पार गळून गेला होता आणि थंड इंजिन सुरू करताना हवा अडवायची चोकची दांडी मोडली होती. असले भाग आता मिळत नाहीत. मी तोंड पाडून बसलो होतो. हिने चहाची गाळणी आणून कार्बोरेटरच्या तोंडावर धरली. जशी काही त्याच्यासाठीच केलेली! दांडा कापला आणि तारेने आवळून बसवली. पुढचा आठवडाभर आम्ही फडक्याने गाळलेला चहा प्यायलो, पण काळीला श्वास मिळाला. चोकचं मला असंच सुचलं. डावा हात सीटखालून घालायचा, तळवा गाळणीवर दाबायचा, करंगळीशी फट ठेवायची, आणि किक मारायची. इंजिनाने दोन ठोके दिले की तळवा हळूहळू उचलायचा. करताना माणूस गाडीच्या पाया पडतोय असं दिसायचं.

शनिवारी संध्याकाळी उन्हं असतानाच ती सुरू झाली. पाचव्या किकला. कोंबड्या छपरावर, कुत्री रस्त्यावर, आणि ही दोन्ही हात तोंडावर घेऊन दारात. आप्पांना काय ऐकू येणार? त्यांनी थरथरता तळवा टाकीवर ठेवला आणि डोळे मिटले. "स्क्रू पाव फेरा मागे घे." घेतला. "अजून थोडा." घेतला. इंजिन एका लयीत लागलं. आप्पांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, आनंदाने.

मालकाने त्याच सकाळी बजावलं होतं. "सोमवारी आठला दारात गाडी दिसली पाहिजे. नाहीतर दुसरा तयार आहे, त्याच्याकडे गाडीही आहे." मी छाती फुगवून म्हणालो होतो, दिसेल.

रविवारी धाकटा आला. मी त्याला काळी एकदा सुरू करून दाखवली. पिशवीतून त्याने नवं कोरं हेल्मेट काढलं. मला वाटलं माझ्यासाठी. मी हात पुढेही केला.

"दादा, कमाल केलीस," तो म्हणाला. "आमच्या हॉटेलच्या दारात उभी करणार आहेत तिला. काचेत. वर दिवे लावून."

"कुणाला?"

"काळीला. उद्या सकाळी सातला पलीकडे टेम्पो येतोय."

मी हसलो. धाकट्याला लहानपणापासून थापा मारायची सवय आहे. पण तो हसेना. त्याने खिशातून गाडीच्या नोंदणीचं पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं. वरचं आप्पांचं नाव खोडलेलं, खाली त्याचं. पुढे शिक्का. ही माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती. ती तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "हा तर आप्पांचे डोळे दाखवायला नेले तो दिवस."

पुढे कुणी काही बोलायची गरज नव्हती. मीच त्यांना पाठीवरून नेलं होतं.

"आप्पा!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की डाव्या कानालाही ऐकू गेलं असेल. "तुम्ही म्हणालात तुझीच!"

आप्पा आपल्या तळव्याकडे बघत होते. "घर तुला राहील," ते म्हणाले. "त्याला काय आहे? शहरात खोली बघतोय तो. म्हणाला, तिचे पैसे कामी येतील."

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तुझा हात थांबला असता."

नसता थांबला. हेच मला सहन होईना. नुसतं विचारलं असतं, तरी मी धाकट्यासाठी रात्रीचा दिवस करून ती उभी केली असती. आणि हा माणूस माझ्याबरोबर तीन महिने स्टुलावर बसला, पाळणा हलवला, पाव फेरा मागे घे म्हणाला, आणि सगळं माहीत असून माझ्या कमाईचं जेवत राहिला. मला त्याची किळस आली, आणि ती आली म्हणून माझीच लाज वाटली.

मी धाकट्याचा हात धरला. "पूल होईपर्यंत राहू दे रे. निदान चार महिने. माझं काम जातंय."

"दादा, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"हॉटेलवाल्यांना."

त्याचा शब्द शब्द होता. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. आमच्या घरात तिथे विषय संपतो, आणि तो संपला. धाकट्याच्या हातातून किल्ली हिसकावायची ताकद माझ्यात होती. पण आप्पांनी मान हलवल्यावर माझा हात उठत नाही, चाळीस वर्षांत कधी उठलेला नाही. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी पहाटे मी डबा घेऊन पायी निघालो. मालकाच्या हातापाया पडायचं, एवढंच ठरवलं होतं. उजाडता उजाडता फरशीवर होतो. मागून काळीचा आवाज आला. धाकट्याने घरापुढच्या उतारावर ढकलून ती सुरू केली असणार. मागच्या सीटवर, माझ्या बायकोच्या बॅगेवर, आप्पा बसले होते. त्यांना पलीकडच्या काठापर्यंत तिच्यावरून एकदा जायचं होतं म्हणे. मी कडेला झालो. धाकट्याने पाणी बघून वेग कमी केला, आणि बरोबर मधोमध काळी बंद पडली.

त्याने किक मारली. दहा मारल्या, वीस मारल्या. हेल्मेट काढलं, परत मारल्या. पाण्यात उतार नसतो, ढकलून सुरू करायला.

"दादा!" त्याने हाक मारली. "तू हात कुठे ठेवत होतास रे?"

मी जवळ गेलो. तळवा ठेवला असता तर दोन किकमध्ये लागली असती. माझा हात सीटखाली गेलाही. बोटांना गाळणी लागली. मी तार पिळून सोडवली, गाळणी काढली आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

"हे काय करतोस?"

"ही पुस्तकात लिहिलेली नाही," मी म्हणालो. "आमच्या घरातली आहे."

आप्पांचे पाय पाण्यात लोंबत होते, ते गारठून कापायला लागले होते. धाकटा गाडी सोडू शकत नव्हता, सोडली असती तर आडवी झाली असती. "आप्पांना तरी ने," तो म्हणाला. ते मला सांगायची गरज नव्हती. मी पाठ वळवून वाकलो, आणि आप्पा माझ्या गळ्यात हात टाकून चढले. मी घराकडच्या काठाला वळलो. त्यांचा तळवा माझ्या छातीवर होता, टाकीवर ठेवायचे तसा पसरून. आत काय चाललंय ते त्यांना कळत असलंच पाहिजे.

"सुरू करून दे त्याला," ते माझ्या कानात म्हणाले.

मी चालत राहिलो.

"अरे, टेम्पो थांबलाय. सुरू करून दे."

माझे कान चांगले आहेत. पण त्या दिवशी मी बहिरा झालो. काठावर ही आप्पांची काठी घेऊन धावत आली होती. तिच्या हातात आप्पांना दिलं, पिशवीतून गाळणी काढून तीही दिली, आणि परत पाण्यात शिरलो. धाकट्याच्या बाजूने गेलो तेव्हा तो शिव्या देत होता की रडत होता, मी बघितलं नाही. टेम्पोवाला पँट वर करून त्याला मदतीला येत होता.

वर्कशॉपात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दारात एक मोटारसायकल उभी होती, आणि आत एक पोरगेला माणूस माझी काळी काच तोंडावर धरून जोड मारत होता. काचेच्या मुठीला मी स्वतः फडकं गुंडाळलं होतं. मालक माझ्या ओल्या पँटकडे बघत बाहेर आला.

"गाडी?"

आप्पांनी काय केलं ते सांगायला माझी जीभ वळेना. त्यांनी मला विकलं, आणि मी त्यांचीच अब्रू झाकत उभा.

"सुरूच झाली नाही," मी म्हणालो.

"मग आता मी काय करू, तूच सांग."

डबा न उघडता परत आलो. फरशीवर काळी नव्हती. पलीकडच्या काठावर टेम्पोच्या चाकांचे वळ होते आणि एक तेलाचा डाग.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. आप्पा स्टुलावर बसले होते, समोर रिकामा गोठा. हिने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चहा ठेवला. गाळणी तिने राखेने तीनदा घासली होती. कापलेल्या दांड्याच्या जागी चिमटा लावून तिने चहा गाळला आणि पहिला कप आप्पांना नेऊन दिला.

आप्पांनी कप दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला. "लवकर आलास आज?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. ओरडायचं ठरवलं होतं, पण आवाज साधाच निघाला. "काम गेलं, आप्पा."

त्यांना ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली. चहा हिंदकळून बोटांवर सांडत होता.

"याला पेट्रोलचा वास येतोय," ते म्हणाले.

"येणारच," ही म्हणाली. "प्या."

आप्पा तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.